चर्चेअंती एकमताने

२ ऑगस्ट

पंचवीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहून काढलं, त्यामुळे स्वतःचं काही लिहायला बसलं की हात आपोआप ‘उपस्थित सदस्य’ असं लिहायला लागतो. उपस्थित: मी. अनुपस्थित: आमचे हे, पाय मोकळे करायला गेलेत.

विषय क्रमांक एक. प्रवेश मिळाला! विद्यापीठातला एका वर्षाचा जोडअभ्यासक्रम, इतिहास आणि राज्यशास्त्र एकत्र, शेवटी एक लघुप्रबंध. खिडकीतल्या कारकुनाने माझ्या अर्जावरचं वय दोनदा वाचलं आणि विचारलं, “मुलीचा फॉर्म का?” म्हटलं, “मुलीच्या आईचा.” तो ओशाळला आणि शिक्का उलटा मारून बसला. मी पण कारकूनच होते, नगरपालिकेत सभा लेखनिक; शिक्का सरळ करून घेतल्याशिवाय हलले नाही.

मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम करा. आरामाचा मला चौथ्या दिवशी कंटाळा आला.

११ ऑगस्ट

इतिहास विभाग जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. राज्यशास्त्र मैदानापलीकडच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर. मधे दहा मिनिटं, आणि तास मात्र लागोपाठ. इतिहासवाले आम्हाला राज्यशास्त्राचे समजतात, राज्यशास्त्रवाले इतिहासाचे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते हेच. आज ग्रंथालयाचं कार्डही मिळालं नाही, कारण प्रत्येक विभाग म्हणतो दुसरा देईल.

जोडवाले आम्ही सात जण. माझ्या शेजारी एक उंच, सडपातळ मुलगी बसते. ती पुस्तकात इतक्या रेघा मारते की रेघ नसलेली ओळच उठून दिसते. तिला सगळे पेन्सिल म्हणतात. मला सगळे काकू म्हणतात. मैदान ओलांडताना पेन्सिल माझी पिशवी घेते आणि मी तिला पळताना ओरडते, “अगं, हळू! माझे गुडघे अजून इतिहासात आहेत.”

इतिहासाच्या बाईंचं पहिलं वाक्य: “कागद हातात आला की आधी विचारा, हा लिहिला कोणी आणि गाळलं काय.” राज्यशास्त्राच्या सरांचं पहिलं वाक्य: “कोणताही निर्णय घ्या, मान कोणी हलवली आणि का, ते शोधा.” ऐकायला दोन्ही छान वाटतं. पण बाई आणि सर एकमेकांशी बोलत नाहीत. एका कपाटाच्या किल्लीवरून सहा वर्षांपूर्वी बिनसलं म्हणे.

२६ ऑगस्ट

लघुप्रबंधाचा विषय सुचला, आणि तोही असा की घरबसल्या पुरावा. आमच्या नगरपालिकेने चोवीस वर्षांपूर्वी नदीवरचा पायी जायचा लोखंडी पूल दुरुस्त न करता पाडायचं ठरवलं. तेव्हापासून पलीकडच्या वॉर्ड अकराची मुलं शाळेला मोठ्या पुलावरून वळसा घालून जातात. आणि ठराव कसा झाला? ‘चर्चेअंती एकमताने मंजूर.’ एकतीस सदस्य, एकतीस होकार. लोकांच्या गैरसोयीचा निर्णय, आणि एकही माणूस विरोधात नाही! एकमत घडतं कसं, हाच माझा विषय.

सर तर खुर्चीतून उठले. “एकतीसपैकी एकतीस? काकू, हे सोनं आहे.” बाईंनी एवढंच विचारलं, “इतिवृत्त कोणी लिहिलंय?” मी म्हटलं, “नगरपालिकेच्या लेखनिकाने.” खोटं नाही बोलले. मीच ती, हे सांगायची उगाच लाज वाटली; स्वतःच्या अक्षराचं कौतुक केल्यासारखं.

३० ऑगस्ट

दादाकडे गेले होते. माझा थोरला भाऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, मागेच घर. पूर्वी दुकान वॉर्ड अकरामध्ये होतं, आणि एकदा तो तिथून निवडूनही आला होता. पुढच्या निवडणुकीत पडला आणि मग इकडे आला. वहिनींना माहेरच्या जवळ राहायचं होतं बहुतेक.

विषय सांगितला, तर हातातलं चाक फिरवता फिरवता थांबला. “पूल कशाला गं? पाण्याच्या टाकीचा विषय घे. तिच्यावर पण खूप सभा झाल्या.”

“टाकीत काय आहे?”

“पाणी,” म्हणाला आणि आत गेला.

त्याला वाटतं मला झेपणार नाही. भावांना बहिणी कायम दुसरीतच वाटतात. तू त्या सभेत होतास, तुझी मुलाखत देशील का, असं विचारणार होते, पण त्याचा चेहरा बघून राहून गेलं. परत येताना तो मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. बाजारात मागून कोणीतरी ‘होयबा!’ अशी हाक मारली. दादा न बघता चालत राहिला. ऐकू कमी यायला लागलंय की काय? त्याला जुने लोक होयबा म्हणतात, कारण समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मान हलवायची त्याची सवय. मलाही हसू येतं.

१८ सप्टेंबर

नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात गेले. धूळ तीच, पंखा तोच. इतिवृत्ताचा खंड काढला आणि माझंच अक्षर समोर! काय वळणदार होतं तेव्हा. विषय क्रमांक सात: ‘लोखंडी पादचारी पुलाबाबत. चर्चेअंती एकमताने मंजूर.’ खाली अध्यक्षांची सही, त्याखाली माझी, नुसती ‘सभा लेखनिक’ म्हणून.

नोकरीला पाच महिने झाले होते. आमचे मोठे बाबू, ज्यांनी मला काम शिकवलं, ते म्हणायचे, “सभेत काय झालं ते लिहायचं नसतं, बाई. काय ठरलं ते लिहायचं.” आणि दुसरा नियम: विरोध लिहून दिला तरच विरोध. तोंडी बोलला त्याला म्हणायचं चर्चा. त्यासाठी छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या खणात असायचा. सभासदांपैकी निम्म्यांना तो आहे हे ठाऊक नव्हतं, आणि लेखनिकाने सभेत तोंड उघडायचं नाही हा तिसरा नियम. बाबू आता नाहीत. माणूस फार शिस्तीचा.

९ ऑक्टोबर

पहिलं प्रकरण दोघांना दिलं. बाईंचा शेरा: ‘एकाच कागदावर इमारत उभी आहे. दुसरा पुरावा?’ सरांचा शेरा: ‘उत्तम. पण बाईंचं म्हणणं काय आहे ते मला कळवा.’ बाई म्हणाल्या, “त्यांना सांगा, मी समासात लिहिलंय.” मी नगरपालिकेत सत्ताधारी आणि विरोधकांच्या मधे बसायचे, ते बरं होतं. निदान एकाच खोलीत असायचे.

१४ डिसेंबर

आज मोठी भानगड झाली. सविस्तर लिहिते.

बाईंना दुसरा पुरावा हवा, म्हणून माळ्यावरची ट्रंक यांना काढायला लावली. (यांची कंबर धरली. शेक चालू आहे.) ट्रंकेत माझ्या लघुलिपीच्या कच्च्या वह्या. ऑफिसात रद्दीत जाणार होत्या, मागची कोरी पानं वाया जाऊ नयेत म्हणून मी घरी आणलेल्या. वाणसामानाच्या याद्यांमध्ये ती सभा सापडली. तेवीस विषय, चार तास. विषय सातच्या खाली माझ्याच खुणा:

‘वॉ. ११ उभे. विरोध. पूल दुरुस्त करा. मुलं शाळेला कुठून जाणार. बसा म्हटलं, बसत नाहीत. पुन्हा विरोध. दहा मि. अध्यक्ष: लेखी? नाही. पुढचा विषय.’

लघुलिपी घेताना हात ऐकतो, कान नाही. त्या दिवशी मुलगी तापाने फणफणलेली, माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. मला यातलं अक्षरही आठवत नाही; वॉ. ११ म्हणजे आपला दादा, तो उभा राहिलेलाही नाही. आणि घरी येऊन पक्कं लिहिताना मी नियमाप्रमाणे चर्चा म्हटलं, एकमत म्हटलं, सही केली.

म्हणजे एकतीसपैकी तीसच. माझ्या प्रबंधाचा पायाच खचला. जानेवारीअखेर द्यायचाय. आता काय करू?

१८ डिसेंबर

चार दिवस विद्यापीठात गेले नाही. यांना सांगितलं, सर्दी आहे. हे म्हणाले, “नाक तर कोरडं आहे.” शिक्षकाशी लग्न केलं की दांडी मारता येत नाही.

वही परत ट्रंकेत ठेवली तर कोणाला कळणार आहे? लघुलिपी आता वाचतो कोण. हा विचार मनात आला, खरं तेच लिहिते. दोन दिवस तो विचार चांगलाच वाटत होता.

१९ डिसेंबर

पेन्सिल घरी आली, माझी खोटी सर्दी बघायला. राहवलं नाही, तिला वही वाचून दाखवली. ती ऐकता ऐकता पांढरी पडली.

“काकू, वॉर्ड अकरा म्हणजे आमचा. पण आमच्याकडे तर उलटं सांगतात. आजी म्हणते, आमच्या सदस्याने चौकात छाती ठोकून सांगितलं होतं, पूल पाडू देणार नाही. आणि तिकडे जाऊन सगळ्यांबरोबर हात वर केला. आजोबांनी स्वतः इतिवृत्त वाचलं होतं, वाचनालयात लावलेलं. एकमताने म्हणून. त्याच्याकडे मग कोणी सायकल सुद्धा नेईना. तेव्हापासून त्याचं नाव होयबा.”

मी काय बोलले मला आठवत नाही. पेन्सिल गेल्यावर लक्षात आलं, तिचा चहा मी ओतलाच नव्हता.

चोवीस वर्षं. वहिनींना माहेरजवळ जायचं होतं म्हणे! त्यांचं माहेर या नव्या घरापासूनही कोसभर लांब आहे, हे मला काय माहीत नव्हतं? आणि मी बाजारात त्या हाकेवर हसले होते.

२० डिसेंबर

सकाळीच गेले. दादा एका सायकलचा ब्रेक लावत होता. मी वही उघडून वाचली, उभ्या उभ्या, आवाज न बदलता, सभेत वाचायचे तशी. त्याने हातातली तार सोडली नाही.

“दहा मिनिटं बोललो का मी? मला वाटायचं पाचच असतील.”

“दादा, तू लिहून का नाही दिलंस?”

“लिहून द्यायचं असतं हे मला कुठे माहीत होतं? सगळ्यांसमोर बोललो, म्हणजे झालं असं वाटलं.”

“बरं, पण पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात. तेव्हा तरी हरकत घ्यायचीस! एका वाक्याचं काम होतं.”

तो तार ओढून बघायला लागला. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “वन्सं, तुमच्या नोकरीला तेव्हा सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. यांनी हरकत घेतली असती तर पहिला प्रश्न काय आला असता? हे चुकीचं लिहिलं कोणी?”

“तू गप गं,” दादा म्हणाला.

“मी चोवीस वर्षं गपच आहे.”

म्हणजे त्या दिवशी इतिवृत्त कायम करायला एकतीस हात वर झाले, त्यात एक दादाचा होता. मी समोर बसून मोजले होते. त्याच महिन्याअखेर मला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळालं, आणि पेढ्यांचा पहिला पुडा मी त्याच्याच हातावर ठेवला होता. म्हणाला होता, “छान झालं.” एवढंच.

मला हुंदका आवरेना. दादा घाबरला. “चिमणे, रडू नकोस. माझे हात ग्रीसचे आहेत, डोळे कसे पुसू तुझे?” आणि मग तोच हसायला लागला, मग वहिनी, मग मी, रडता रडता. शेवटी त्याने मनगटाने पुसले. माझ्या गालावर काळा पट्टा घेऊन मी बसमध्ये बसले, आणि कोणी बघत असेल याची मला अजिबात फिकीर वाटली नाही. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. काही मिटलेलं नव्हतं, तरी.

२२ डिसेंबर

दोघांनाही सांगायचं होतं. पण एकाला आधी सांगितलं तर दुसरा रुसेल. म्हणून मी मैदानाच्या मधोमध असलेल्या बाकावर दोघांना एकाच वेळी बोलावलं. दोघेही आले आणि बाकाच्या दोन टोकांना बसले. मधे मी.

मी म्हटलं, “ज्या लेखनिकाच्या कागदावर माझा प्रबंध उभा आहे, ती मी. कागद चुकीचा आहे. ज्याचा विरोध गाळला तो माझा सख्खा भाऊ. मला नापास करायचं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे टंकलेखनाचे कष्ट तरी वाचतील.”

मग बाईंनी हात पुढे केला, “ती वही.” उघडली. सर सरकून जवळ आले. दोघांनी मिळून वही आडवी धरली, उभी धरली. दोघांनाही एकही खूण वाचता येईना, आणि बहुधा त्यामुळेच दोघांचं जमलं.

“या कागदाच्या लेखक आहेत,” बाई म्हणाल्या, पहिल्यांदाच थेट सरांना.

“साक्षीदार पण आहेत,” सर म्हणाले. “मी मुलाखत घेऊ का त्यांची?”

“हितसंबंध गुंतलेत माझे,” मी म्हटलं.

“मग तळटीप द्या,” बाई म्हणाल्या. “लपवलंत तर दोष. सांगितलंत तर तळटीप.”

मुदत एक महिना वाढवून मिळाली. नवा विषय: एकमत कसं घडतं नव्हे, एकमत कसं लिहितात. घरी आल्यावर यांनी विचारलं, “काय झालं?” म्हटलं, “चर्चेअंती वाचले.” जेवले आणि दुपारी तीन तास झोपले.

७ फेब्रुवारी

दादाने प्रबंध वाचायला मागितला. आठवडाभर ठेवला. परत देताना पान एक्केचाळीसवर ग्रीसचा अंगठा. त्याच पानावर मी लिहिलंय, ‘ही सर्वस्वी लेखनिकेची चूक होती.’ विचारलं, “कसा वाटला?” म्हणाला, “अक्षर छपाईचं असलं की बरं असतं.” त्याला फारसं कळलं नसावं. तरी इतकं वाचलं, हेच खूप.

२१ फेब्रुवारी

दादाचा फोन. एरवी फोन करत नाही. “आज वॉर्ड अकरामधला एक माणूस आला होता. पार तिकडून, मोठ्या पुलावरून वळसा घालून. म्हणाला, चाकात वारा राहत नाही. मी ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली, कुठे भोकच नाही.”

“मग?”

“मग काय. मी तरीही चाक काढून पुन्हा बसवलं. तो बसला होता तासभर. त्याची मुलगी तुझ्याबरोबर शिकते म्हणे. उद्या त्याच्या शेजाऱ्याची आणतोय.”

पेन्सिलने घरी सांगितलंय. सांग म्हणून मी तिला काही बोलले नव्हते. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि दोन मिनिटं नुसती हसत होते.

१६ मार्च

आज तोंडी परीक्षा झाली. खुली असते, कोणीही येऊन बसतं. बाई आणि सर शेजारी शेजारी, आणि समोर त्या जगप्रसिद्ध कपाटाची किल्ली, दोघांच्या मधोमध. पेन्सिल पहिल्या रांगेत. आमचे हे तिच्या शेजारी, कमरेला उशी लावून. शेवटच्या रांगेत दादा आणि वहिनी. दादाने पांढरा शर्ट घातला होता, नखं घासून घासून लाल केलेली. मी त्याला ये म्हटलं नव्हतं.

चाळीस मिनिटं प्रश्न झाले. शेवटी सर उभे राहिले. “आम्हा दोघांचं मत अनुकूल आहे. जाहीर करण्याआधी, सभागृहात कोणाला काही म्हणायचंय?”

मागे खुर्ची सरकली. दादा उभा राहिला.

“माझा विरोध आहे,” तो म्हणाला.

सर गोंधळले. बाईंनी चष्मा वर केला. दादा दोन्ही रांगांमधून चालत पुढे आला, शर्टच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर नाही, माझ्या हातात दिला.

“या वेळी लेखी आणलाय,” म्हणाला.

सर म्हणाले, “वाचा.” मी वाचला. सभेत वाचायचे तसा वाचायला गेले, पण आवाज ऐकेना:

‘पान एक्केचाळीसवर, ही सर्वस्वी लेखनिकेची चूक होती, असं लिहिलं आहे. यातल्या सर्वस्वी या शब्दाला माझा विरोध आहे. मला नियम माहीत नव्हता ती माझी चूक. आणि पुढच्या सभेत मी हात वर केला तो मला करायचा होता म्हणून केला. कृपया नोंद घ्यावी. माजी सदस्य, वॉर्ड अकरा.’

मग बाई हळूच म्हणाल्या, “नोंद घ्या.” कोणाला म्हणाल्या कोण जाणे. पण पंचवीस वर्षांची सवय. मी पेन्सिलच्या हातातली पेन्सिल घेतली, पान एक्केचाळीस उघडलं, सर्वस्वी हा शब्द खोडला, आणि दादाच्या कागदाच्या मागे, होतं त्याहून वळणदार अक्षरात लिहिलं:

‘लघुप्रबंध चर्चेअंती मंजूर. विरोध: एक.’

खाली सही केली. या वेळी नावानिशी.